डोरीनसाठी गोठवलेलं अंगण

ऑरेस्ट ह्रिन्चक माझा शेजारी. त्याचं परस आणि माझं परस यांच्यामध्ये एक गल्ली आणि माझा रुबार्बचा वाफा, एवढंच अंतर. गावच्या छपराखालच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, त्याने चौतीस वर्षं बर्फ केला. ऑक्टोबरात धरायचा, रोज घासायचा, एप्रिलमध्ये फोडून काढायचा. त्या बाबतीत तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एकदा परगावच्या हॉकी संघाचा कोच बर्फ खरबरीत आहे म्हणाला, तर ऑरेस्टने त्याची बॅग उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवली होती.

त्याची बायको डोरीन त्याच बर्फावर मुलींना स्केटिंग शिकवायची. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हाताखाली तयार झाल्या. कोणतीही शिकवणी असो, डोरीन आधी एकटी मधल्या लाल वर्तुळावर जायची आणि तिथून सुरुवात करायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी चुलीवरचं भांडं, मग वार, मग माणसं. मला ती माझ्या सासूच्या नावाने हाक मारायला लागली. माझी सासू ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल मला ते किती लागलं असेल. पण पायात स्केट्स चढले की डोरीन पूर्वीचीच. ऑरेस्ट तिला रोज सकाळी रिंकवर न्यायचा आणि ती अर्धा तास गोल गोल फिरून लाल गालांनी घरी यायची. त्या दिवशी मग ती जेवायची, हसायची, त्याला ओळखायचीसुद्धा.

पुढे रिंकचं गारव्याचं यंत्र बंद पडलं. नवं घेण्याची गावाची ऐपत नव्हती. आधी कुलूप लागलं आणि दुसऱ्या वर्षी छप्परच उतरवलं. त्या दोन वर्षांत डोरीन झपाट्याने खालावली. माणूस घरात आहे आणि नाही, असं ऑरेस्टचं घर झालं.

डिसेंबरच्या मध्यात त्यांची मुलगी लॅरिसा सॅस्काटून शहरातून आली. तिने तिथल्या वृद्धाश्रमात आईसाठी खोली मिळवली होती. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी रिकामी होणार होती. ऑरेस्ट भांडेल असं मला वाटलं होतं. तो भांडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात गेला आणि ट्रकभर फळ्या घेऊन आला. रिंकच्याच होत्या. हॉकीच्या चकत्यांचे काळे डाग अजून त्यांच्यावर होते.

"काय रे, होडी बांधतोयस का?" मी कुंपणावरून विचारलं.

"रिंक."

"या वयात हॉकी खेळणार तू?"

"माझ्यासाठी नाही, व्हर्ना." तो फळीतले खिळे उपसत होता, त्याने वर पाहिलं नाही. "एकदा तिला स्केट करू दे. घरून जायच्या आधी एकदा. मग न्या म्हणावं कुठे न्यायचं ते."



पुढचे सहा आठवडे तो त्या परसातच राहत होता म्हटलं तरी चालेल. खाली अंथरायला त्याने एका शेतकऱ्याकडून धान्य साठवायची लांबलचक प्लास्टिकची पिशवी आणली. बाहेरून पांढरी, आतून काळी, एका मोसमानंतर लोक ती टाकूनच देतात. वाऱ्याच्या बाजूला गॅरेजची दोन मोडकी दारं उभी केली. पाण्यासाठी अग्निशमनवाल्यांनी बाद केलेला नळा. घसरगाडीवर एक पिंप, पिंपाला भोकं पाडलेला आडवा पाइप आणि मागे लोंबणारा जुना टॉवेल, अशी एक गाडी त्याने केली. ती ओढत तो पुढे चालायचा आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर बसत जायचा. मी पेरोगीचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, भांडं घेऊन जायचे, ते थंड होऊन जायचं.

"अरे, एकदाच भर पाण्याने आणि सोडून दे," मी म्हटलं. "सगळं गाव तसंच करतं."

"सगळं गाव डबकं करतं."

"मग तुझ्या रिंकला रेषा कुठेयत? रेषा नसल्या तर तेही डबकंच."

मी आपलं चिडवायला म्हटलं. त्याचा हात थांबला. त्याच दिवशी त्याने तळघरातून रिंकचा उरलेला रंग वर आणला आणि दुसऱ्या थरावर, दोरी आणि खिळा धरून, मधोमध लाल वर्तुळ काढलं. मग वर पुन्हा थर, पुन्हा थर. दीड इंच जाडी, रिंकवर असायची तेवढीच. वजा अठ्ठावीस अंशांत तो बर्फ असा झाला की मी हातमोजा काढून त्याच्यावर हात फिरवला. छान केलाय, असं म्हटलं मी त्याला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं असेन.

शेवटच्या गुरुवारी थंडी मोडली. फार नाही, वजा तीन-चार. पण आभाळात ढग नाही आणि तीन दिवस लख्ख ऊन. लॅरिसा शनिवारी आली आणि आईचे कपडे भरायला लागली. रविवारी दुपारी डोरीनला बर्फावर न्यायचं ठरलं, कारण तिला गारठा सोसत नव्हता आणि दुपारी जरा ऊब होती. ऑरेस्टने सकाळी सहाला बर्फ तपासला. रिंकवर तो सहालाच तपासायचा. टाचेने ठोकून पाहिला, दगडासारखा होता.

"बाबा, नक्की ना?" लॅरिसाने दुपारी विचारलं.

"चौतीस वर्षं विचारलंस का कधी?" तो म्हणाला.

त्याने डोरीनला बाकावर बसवलं आणि गुडघे टेकून तिच्या स्केट्सच्या नाड्या बांधल्या. आदल्या रात्री ती त्याला पार अनोळखी नजरेने बघत होती, असं लॅरिसाने मला हळूच सांगितलं होतं. आता डोरीन उठली. कोणाचा हात धरला नाही. बर्फावर पहिलं पाऊल टाकलं आणि तिची पाठ सरळ झाली. लॅरिसा रडायला लागली. ऑरेस्ट नाही रडला, तो फक्त बघत होता. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याचे हात रिकामे होते.

कडेने एक फेरी झाली. दुसरी झाली. मग ती सवयीने मधल्या वर्तुळाकडे वळली. लाल रंगावर तिच्या डाव्या स्केटचं पातं रुतलं आणि ती उजव्या कुशीवर पडली. हाड मोडल्याचा तो आवाज मला गल्लीपलीकडूनही ऐकू आला असता, मी तर फळीला टेकून उभी होते.

डोरीन ओरडली नाही. ती ऑरेस्टकडे बघत राहिली. त्याने काहीतरी केलंय हे तिला समजलं होतं, काय ते समजत नव्हतं, असं तिचं तोंड झालं होतं.

रुग्णवाहिकेतून डोरीनबरोबर लॅरिसा गेली, कारण आत एकालाच जागा होती. मी परसात परत आले तर ऑरेस्ट वर्तुळापाशी उकिडवा बसलेला. आजूबाजूचा बर्फ काचेसारखा कडक. लाल रंगावर मात्र बोट खुपसलं की आत लगदा. गडद रंगाने तीन दिवस ऊन पिऊन घेतलं होतं.

"छपराखाली ऊन नसतं, व्हर्ना," तो म्हणाला. "मला कधी उन्हाचा विचारच करावा लागला नाही."

रेषांचं खूळ त्याच्या डोक्यात मी घातलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डोरीन इस्पितळातून परस्पर वृद्धाश्रमात गेली. ऑरेस्ट दर बुधवारी गाडी काढून जातो, तीन तास जायला, तीन तास यायला. मार्चमध्ये एकदा मीही बरोबर गेले. वाटेत तो एकदाच बोलला. "सगळं गेलं होतं तिचं," तो म्हणाला. "बर्फ तेवढा राहिला होता."

तिथली नर्स भली होती. हाड जुळलंय, पायात जोरही आहे, पण बाई खोलीबाहेर येतच नाहीत, असं ती म्हणाली. खोलीत गालिचा आहे, तिथे डोरीन चालत होती. आम्ही आलो तेव्हा ती स्वतःच दारापर्यंत आली. बाहेर लांब मार्गिका, पांढरी, पुसून चकचकीत केलेली. डोरीनने उंबऱ्याशी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

"चल, चहा घेऊ," ऑरेस्टने हात पुढे केला.

"पडेन मी. तुम्ही जा."

"फरशी आहे ती, डोरीन. साधी फरशी आहे." त्याने बुटाने ठोकून दाखवलं.

"बर्फ आहे," ती म्हणाली. मग परक्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "कोणी केलाय हा?"

फरशीच आहे असं तो पुन्हा सांगेल, असं मला वाटलं.

"मी," ऑरेस्ट म्हणाला.

डोरीनने त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. मग दोन पावलं मागे गेली आणि तिने दार लावून घेतलं.