टिंब नसलेला उंट

लेकरांनो, मराठी लिहिताना तुम्ही अनुस्वार गाळता म्हणून तुमची आई रागावली, असं कळलं. म्हणून आजच एका खानावळवाल्याविषयी लिहिते.

कर्नाटकाच्या सीमेवर, संकेश्वरजवळ उड्डाणपूल झाला, गाड्या वरूनच जाऊ लागल्या आणि खाली त्याची खानावळ ओस पडली. कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा त्याने पुलाच्या अलीकडे स्वतः रंगवलेली पाटी उभी केली: ‘येथे ऊट मिळेल’. कानडीत ऊट म्हणजे जेवण. मराठी प्रवाशांना वाटलं, उंटावरचं टिंब राहिलं. मुलं हट्ट करू लागली आणि गाड्या खाली उतरू लागल्या.

कोल्हापूरला जाताना आम्हीही उतरलो. एक चिमुरडी त्याला विचारत होती, “काका, उंट कुठाय?”

खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसून त्याने गंभीरपणे उसाच्या फडाकडे पाहिलं. “चरायला गेलाय बघ. त्यो येईस्तोवर जेवून घे.”

मी म्हटलं, “अण्णा, पाटी दुरुस्त करा की.”

“नगं आक्का! कानडी माणूस ऊट म्हणून येतंय, मराठी माणूस उंट म्हणून. जेवत्यात दोघंबी.”

खानावळ अजून चालू आहे. पाटीवर टिंब अजून नाही आणि उंटही अजून चरून परतलेला नाही.