फळं कोणाची, पोपट कोणाचा

चितारआळीत किस्से लाकडाच्या भुशासारखे साठतात. कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. बरेचसे हसण्यावारी नेण्यासारखे. पण काणेकरांचा सांगताना अजून मी हातातला कुंचला खाली ठेवतो.

सावंतवाडीत आम्ही लाकडी फळं रंगवायचो. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. मुंबईच्या एका शेटनं आमच्या फळांचं डिझाइन स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं आणि आम्हालाच नोटीस धाडली : ही फळं बनवणं बंद करा! इंग्रजी कागद बघून आळीनं रंगाचे डबे झाकले. आमच्यातले वडीलधारे कारागीर धोंडूमामा. त्यांनी रंगवलेले आंबे विहिरीमागे पुरले आणि बजावलं, "पोलीस इले तर सांगा, आमी फकत देवाचे पाट करतो."

*

काणेकर गावातलेच, वकिली सोडून बसलेले. कुठली कारागिरी कोणाच्या मालकीची, कायदा कोणाला राखतो, याचा अभ्यास ते पदरमोड करून करत. दिल्लीत नव्या कायद्याचं घाटत होतं, त्यासाठी टिपण लिहीत होते. ते आळीत आले आणि आम्ही दारं लावून घेतली. वाटलं, शेटचाच माणूस!

धोंडूमामांनी फटीतून विचारलं, "तुमी कोणाचे?"

"कोणाचोच नाय."

मामा आमच्याकडे वळून कुजबुजले, "मगे ह्यो जास्त धोक्याचो."

*

शेटचा मुनीम काणेकरांकडे गेला. अभ्यासाचा खर्च शेट उचलतील, फक्त लिखाण आधी त्यांना दाखवायचं, म्हणाला. काणेकरांनी नकार दिला. दुसऱ्या दुपारी त्यांच्या खिडकीवर धोंडा आला.

आम्हीही हादरलो आणि हात जोडून गेलो : लिहिलंय काय ते आधी आमका दाखवा. त्यांनी आम्हालाही चहा पाजून परत पाठवलं.

*

फळं शेटच्या आधीची, याला पुरावा हवा होता. मामांची लेक चंद्री गोव्यात पेडण्याला दिलेली. लग्नात मामांनी तिला फळांची परडी दिली होती, प्रत्येक फळाच्या तळाशी लग्नाचं साल कोरून. ती परडी पोर्तुगिजांचा नाका ओलांडून आणायची कशी? चंद्री पदराखाली झाकून निघाली. नाक्यावर शिपायानं परडी उघडली, आंबा उचलला आणि सरळ चावा घेतला!

चंद्री सांगायची, तिला वाटलं आता गोळीच घालणार. शिपाई दात चोळत हसला आणि त्यानं तिला जाऊ दिलं.

*

शेटनं रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला. चंद्रीची परडी जज्जसाहेबांपुढे ठेवली आणि काणेकर साक्षीला उभे राहिले. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो, मामांचा हात माझ्या मनगटावर. आमच्या भीतीचं कारण वेगळंच होतं. आळीत एक डुलणारा पोपटही बनायचा. तो मामांनी शेटच्या दुकानात बघून केलेला, आणि काणेकरांनी विचारल्यावर ते खरं बोलून गेलेले.

शेटचा वकील हसत म्हणाला, "तुम्ही सावंतवाडीचेच. आपल्या लोकांविरुद्ध एक तरी ओळ लिहिलीत का?"

"लिहिली आहे."

"वाचा बघू."

मामा पुटपुटले, "मेलव."

काणेकरांनी शेवटचं पान काढलं. त्यांनी वाचलं : फळं आळीची पूर्वापार; पोपट मात्र शेटचा, धोंडू चिताऱ्यानं तो पाहून केला.

शेटचा वकील खाली बसला. जज्जसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"काणेकर," ते म्हणाले, "तुमचं सगळं टिपण पुराव्यात घेतो. आता पहिल्या पानापासून वाचा."