कोऱ्या जागा

पाड्यापाड्यांवर हिंडून मी बायकांची माहिती गोळा केली, त्याला वीस वर्षं झाली. ती फाइल संख्याशास्त्राच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नव्हती. आज आमच्या विभागातल्या शुभदाताईंनी ती उघडून दाखवली.

"मॅडम, सगळ्या बायका आल्या बघा."

मी आधी 'किती मुलं दगावली?' हा रकाना पाहिला. हा प्रश्न विचारल्यावर काहीजणी नुसत्या जमिनीकडे बघत राहिल्या होत्या. त्यांच्यापुढची जागा मी कोरी ठेवली होती. फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना तिथे आपोआप शून्य पडलं असतं, तर त्यांचं काही गेलंच नाही असं झालं असतं. पण जागा कोऱ्याच होत्या. माझा जीव भांड्यात पडला. माणसाचं गप्प राहणंही कुणाला तरी नीट सांभाळावं लागतं.

"या भरायच्या राहिल्यात का?" ताईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "त्या बायकांनी एवढंच सांगितलं होतं."