वीरप्पांचं ताट

धाराशिवच्या एका दवाखान्यात, मनोरुग्णांच्या पुरुष वॉर्डात, राजपाल एकोणीस वर्षं परिचर होता. सगळे त्याला मामा म्हणत. अंगावर धावून आलेल्या माणसाला न मारता कसं आवरायचं, हे नव्या कामगारांना तोच शिकवायचा. समोरून नाही, बाजूनं जायचं, आवाज चढवायचा नाही आणि हात तर उचलायचाच नाही. हे सांगताना त्याची छाती जरा फुगायची. फुगली तर काय बिघडलं, एकोणीस वर्षांत त्यानं ते पाळलंही होतं.

वीरप्पांनी मात्र त्याला जेरीस आणलं. लोहाऱ्याकडचे हे पासष्टीचे शेतकरी, कानात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं म्हणून चार दिवसांपूर्वी भरती झालेले. एरवी तोंडातून शब्द नाही. पण जेवणाचं ताट समोर आलं की मुठीनं स्वतःची छाती बडवायचे, ताट भिरकावायचे आणि आणणाऱ्याच्या अंगावर जायचे. राजपालनं रजिस्टरात तीनदा लिहिलं, ‘विनाकारण मारहाण.’

"सलाईनवर किती दिवस काढायचे?" वॉर्डाच्या डॉक्टर वृषाली मॅडम म्हणाल्या. "आणखी एकदा असं झालं, तर मोठ्या इस्पितळात पाठवू."

मोठं इस्पितळ म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्रवास. म्हाताऱ्याची बायको तिथवर कुठली पोचतेय?

त्याच दुपारी वीरप्पांच्या बुक्कीनं राजपालचा ओठ फुटला आणि राजपालनं त्यांच्या कानशिलात लगावली. कुणी पाहिलं नाही. वरण सांडलेल्या फरशीवर म्हातारा गाल धरून बसला. राजपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी रजिस्टरात त्यानं आपल्या ओठाचं लिहिलं, त्यांच्या गालाचं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वीरप्पांची बायको शिवगंगाबाई आली. नवऱ्याचा सदरा गळ्याशी सारून तिनं पाहिलं आणि ती राजपालकडं वळली.

"भाऊ, ह्येंच्या गळ्यातलं कुठाय?"

"कपाटात हाय, मावशी. गळ्यात दोरा ठिवू देत न्हाईत हितं. पेशंट फास लावून घेतेत."

"आवं, लिंग हाय त्ये! आमी लिंगायत. लहानपणापसनं अंगावर हाय त्येंच्या. हातावर घिऊन पूजा केल्याबिगर अन्नाला शिवत न्हाईत त्ये. मेल्यावर बी काढत न्हाईत आमच्यात, संगं मातीत जातं."

राजपालनं कपाट उघडलं. भरतीच्या दिवशी तो दोरा त्यानंच कात्रीनं कापला होता. दोऱ्यातली चांदीची डबी पाकिटात घालून वर नाव लिहिलं होतं आणि नियम पाळल्याच्या समाधानात चहा प्यायला गेला होता. त्याच्या घरी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लागायची, असल्या डबीत काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण विचारायला काय झालं होतं? म्हातारा छाती बडवून चार दिवस तेच तर सांगत होता.

मॅडमनी तोडगा काढला. दोरा द्यायचा नाही, पण जेवणाआधी डबी हातात द्यायची आणि पूजा होईतो राजपालनं समोर बसायचं.

दुपारी वीरप्पांनी डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, बायकोनं आणलेली विभूती लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ बसले. मग भाकरी वरणात कुस्करली आणि ताटात कण न ठेवता जेवले. मॅडमनी पाठवणीचा विषय तिथंच सोडला.

राजपाल त्यांच्याजवळ सरकला. "काका, काल म्या तुमच्यावर हात उचलला. चुकलं माझं."

वीरप्पांनी त्याच्या सुजलेल्या ओठाकडं पाहिलं. भरती झाल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

"म्या बी मारलंच की. पर म्या येडा हाय, बाबा. तुमी का मारलं?"

नोकरीचं काय व्हायचं ते होवो म्हणत राजपाल उठला आणि कालच्या दुपारचं सगळं मॅडमना सांगून आला.