संपतरावांचा उजवा डोळा

तीर्थपुरीच्या संपतरावांनी तीस वर्षं मोजणीवाल्या साहेबांच्या हाताखाली झेंडी धरली. साहेब बदलत गेले, नजर संपतरावांचीच राहिली. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं तीन काठ्या एका ओळीत घ्यायच्या आणि ओरडायचं, "बराबर!" निवृत्तीनंतरही विजेचे खांब असोत, ठिबकच्या नळ्या असोत की लग्नाचा मांडव, बोलावणं त्यांनाच. आणि त्याच उजव्या डोळ्यात दोन वर्षांपासून मोतीबिंदू पिकत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की स्वारी अंगावर यायची.

परवा त्यांच्या सुनेला, शिवकन्याला, घरून नोकरी करण्यासाठी इंटरनेट हवं होतं. छतावरची डिश लांबच्या टॉवरच्या थेट समोर यायला हवी. कंपनीच्या माणसाला बाजूला सारून संपतरावांनी डावा डोळा मिटला आणि "बराबर!" केलं. इंटरनेट काही आलं नाही. डिश गावच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी होती.

"काय करून राह्यले तुमी? डाव्या डोळ्यानं बघा की," त्यांची बायको गोपिकाबाई म्हणाली.

पण नुसता उजवा डोळा मिटायला त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटी गोपिकाबाईनं त्यावर तळहात ठेवला. टॉवर लख्ख दिसला. पण गेल्याच महिन्यात संपतरावांनी याच उजव्या डोळ्यानं आबाराव आणि बिभीषण या भावांच्या शेतांमधला बांध आखून दिला होता. वीस वर्षांचं भांडण त्या ओळीवर मिटलं होतं. खरं बोलावं तर आपलं नाव जाणार आणि कुऱ्हाडी परत बाहेर निघणार!

तरी ते शेतावर गेले. डोळ्यावर हात ठेवून पाहिलं, तर बांध बैल मुतल्यासारखा वाकडातिकडा.

"आबाराव, चुकलं माझं. पुन्हा आखू," ते म्हणाले.

आबारावनं घाईघाईनं त्यांना बाभळीआड नेलं. "काका, वरच्या अंगाला मला दोन हात जादा आलंय. बिभीषणला कळलं न्हाई. तुमी बोलू नका."

संपतराव खाली बिभीषणकडे गेले. त्यानंही इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "खालच्या अंगाला माझं जादा निघालंय, काका. आबाला बिलकुल सांगू नका."

मग दोघांनी मिळून त्यांना बांधावर बसवलं आणि घरून चहा मागवला. संपतरावांना रडूच आलं. तीस वर्षं सरळ ओळी आखल्या, तेव्हा कुण्या दोन भावांनी त्यांना मिळून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.