मालकाला इचारलंस?

चष्मा कपाळावर चढवायचा, समोरची वस्तू एका बोटानं हळूच मागं सरकवायची आणि म्हणायचं, "मालकाला इचारलंस?" बेळगावात आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आक्कांचा दिवस असा सुरू व्हायचा. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेलच. त्याला टाळून पुढं जाता येत नाही, आणि ते रजेवर गेलं की करमत नाही.

आक्का निपाणीच्या. ऑफिसात कानडी, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. मागच्या झाडाचा पेरू तोडला तरी प्रश्न तोच. विद्यापीठाच्या झाडाचा मालक कोण, यावर आम्ही एकदा जेवणाचे डबे संपेपर्यंत वाद घातला. शेवटी आक्कांनी माळ्याला विचारलं, तो व्हय म्हणाला, आणि पहिला पेरू त्यांनीच खाल्ला.

मी आठवीतून शाळा सोडलेला, लांब सातपुड्याच्या पायथ्याचा. उद्यमबागेतल्या फौंड्रीची धग सोसेना म्हणून ग्रंथालयात कंत्राटावर लागलो. पुस्तकं लावायची, खुर्च्या पुसायच्या. कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं, कधी जाईल याचा नेम नाही. आक्कांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली आणि संगणकासमोर बसवलं. त्यांचे उपकार कसे सांगू?

तिथलं काम असं. प्राध्यापक सांगतील तो माहितीपट ग्रंथालयाच्या संगणकावर चढवायचा. त्या वर्गाच्या मुलांनी आपापल्या पासवर्डनं तो घरी बघायचा. सत्र संपलं की बंद. एकदा एक सर कुठून तरी उतरवलेला माहितीपट पेनड्राइव्हवर घेऊन आले. आक्कांचं बोट पुढं झालंच. शिकवायलाच तर पाहिजे, सर म्हणाले. वर्गात दाखवा की, मी पडदा लावून देते, पण घरोघर पाठवायचा तर ज्यानं केलाय त्याला विचारलं पाहिजे, असं आक्कांचं म्हणणं. सर तणतणत गेले. आक्का आठवडाभर फोन करत बसल्या, परवानगी मिळवली, आणि सरांकडून खडेबाजारातली कुंद्याची मिठाई मागून घेतली.

मग आठवडी बाजारांवरचा एक माहितीपट आला. एक विद्यार्थिनी मला म्हणाली, यात तुमच्या तालुक्याचा बाजार आहे. माझी आई त्याच बाजारात मिरच्या विकायला बसते. दोन वर्षं मी गावी गेलो नव्हतो. आईकडं साधा फोन. आवाज येतो, तोंड दिसत नाही. त्या मुलीनं आपला पासवर्ड देऊ केला. पण कंत्राट जाईल या भीतीनं मी तो घेतला नाही. शेवटी आक्कांनाच सांगितलं.

"तू काय त्या वर्गातला न्हवंस," आक्का म्हणाल्या. मी मान खाली घातली.

"मान काय खाली घालतोस? मालकाला इचारलंस?"

त्यांनी नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याच हातात दिला. पलीकडं माहितीपट करणाऱ्या बाई होत्या, नाशिकच्या. मी अडखळत सगळं सांगितलं. पुलाजवळ बसतात त्या का, त्यांनी विचारलं, आणि लगेच म्हणाल्या, तुम्ही जरूर बघा. मला वाटलं, झालं. तर आक्का फोनकडं वाकल्या.

"बाई, तुमी ह्याच्या आईला इचारलं व्हतं काय, चित्र घेताना?"

म्हटलं, आता ही परवानगी पण जाणार. पण पलीकडं बाई हसल्या.

"विचारलं होतं. आधी मिरच्या घ्या म्हणाल्या. पिशवीभर घ्यायला लावल्या."

ती माझीच आई, यात मला शंका उरली नाही.

आक्का निवृत्त होऊन निपाणीला गेल्या. त्यांच्या खुर्चीत आता दुसरे साहेब बसतात. चांगले आहेत, कुणाला काही विचारत नाहीत. मला मात्र आक्का म्हटलं की ती दुपार दिसते. मला काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून देऊन त्या बाहेर गेल्या होत्या. पडद्यावर आई आली, पदर सावरत, गिऱ्हाइकाशी भांडत. मी धावत जाऊन दार उघडलं. आक्का, या की, आई बघा माझी.

"परवानगी तुला एकट्याला हाय रं," त्या म्हणाल्या. दार ओढून घेतलं आणि कुणी आत येऊ नये म्हणून तिथंच उभ्या राहिल्या. पडद्यावर आई हसत होती, आणि काचेपलीकडं आक्कांची पाठ, जराही न वळलेली.