तिसरं कोटेशन

माझा साडू माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि झाडावर वीस फुटांच्या वर चढला की त्याचे पाय थरथरतात. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याबद्दल बोलताना हे कुणीच सांगत नाही. लोक सांगतात ते त्याचं लातूरचं ऑफिस, दोन रंगांत छापलेलं लेटरहेड, मजुरांची पिवळी हेल्मेटं आणि पुण्याला जाऊन केलेला झाडांच्या निगराणीचा कोर्स. आमची सासुरवाडी अर्धापूरला, केळीच्या बागा असलेल्या घरात. आम्ही दोघं जावई बैठकीत बसलेले असलो आणि कुणी पाहुणा आला, की सासरे आधी साडूकडे हात करतात. "हे धाकटे. झाडांचे डॉक्टर हायेत, लातूरला." मग माझ्याकडे. "अन् हे थोरले. हे बी झाडाचंच करतात."

सहा वर्षं मी ते "बी" ऐकतो आहे.

मी नांदेडात लाकडाच्या वखारीवर रोजाने कुऱ्हाड चालवत होतो. दोरावर लटकून फांदी कशी उतरवायची ते पडून-धडपडून शिकलो, डाव्या खांद्यात अजून कळ येते. पहिलं करवतीचं यंत्र हैदराबादहून जुनं आणलं, दुकानदाराशी दिवसभर हुज्जत घालून. आज माझ्याकडे चार माणसं आहेत, टेम्पो आहे. कुणाच्या पत्र्यावर फांदी टेकली, विजेच्या तारेला झाड लागलं, की फोन मला येतो. उद्यान विभागाचा अर्ज मी स्वतः लिहितो. मालकी हक्काचा कागद, झाडाचे चार बाजूंनी फोटो, शेजाऱ्याचं ना हरकत पत्र, लाईन बंद ठेवण्यासाठी वीज कंपनीला दिलेली विनंती, हे सगळं माझ्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटांत लावलेलं असतं. मी दहावीपर्यंतही गेलो नाही, पण माझा अर्ज त्रुटीसाठी परत आलेला मला आठवत नाही.

विष्णुपुरीच्या रस्त्याला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथली झाडं नऊ वर्षं मी छाटली. जुन्या रेक्टर बाई फोनवर एवढंच म्हणायच्या, "पावसाळा आला हो, येऊन जा." त्या निवृत्त झाल्या. नव्या मॅडमनी सांगितलं, संस्थेचा नियम आहे, तीन कोटेशनं लागतील.

तीन कोटेशनं आमच्या धंद्यात कशी गोळा होतात ते बाहेरच्यांना माहीत नसेल. ज्याला काम हवं असतं, तोच तिन्ही आणतो. आपलं सगळ्यात कमी, बाकी दोन ओळखीच्यांची, जास्त दराची. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी आपण जास्तीचं द्यायचं. याला कुणी लबाडी म्हणत नाही, कागदाची पूर्तता म्हणतात. दुसरं मला मुदखेडच्या एका रोपवाटिकेवाल्याने लगेच दिलं. तिसरं ज्याच्याकडून नेहमी घ्यायचो, त्याच्याशी मी महिन्याभरापूर्वीच भांडलो होतो. बायको म्हणाली, "एवढी डोकेफोड कशाला? धाकटीच्या मालकांना मागा की. घरातलंच माणूस हाय."

मला ते नको होतं. पण मुदत दोन दिवसांवर आली होती. मी लातूरला फोन लावला.

"देतो ना दादा," साडू म्हणाला. "झाडं कोणती हायेत?"

"तुम्हाला काय करायचं झाडाचं? माझ्यापेक्षा जास्तीचा आकडा टाका अन् दस्तखत करा."

"लेटरहेड माझं हाय दादा. झाड न बघता त्याच्यावर कसं लिहू?"

"कोटेशन मागून राहिलो मी, सोयरीक न्हाई."

तो हसला. त्याला राग येत नाही, हाही त्याचा एक दोष आहे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच नांदेडला आला, येता येता वसतिगृहात जाऊन झाडं पाहून आला आणि माझ्या घरी चहा पिऊन पाकीट देऊन गेला. पाकीट चिकटवलेलं, वर शिक्का. मी ते न उघडता बाकीच्या दोघांबरोबर जमा केलं. दुकानातली सुपारी फोडून बघणारा माणूस मी, आणि ते पाकीट उघडलं नाही. दर जास्तीचा आहे ना, मग आत आणखी काय असणार, असं वाटलं.

आठवड्याने रेक्टर मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "तुमचा दर सगळ्यात कमी आहे. पण तुम्ही लिहिलंय 'आवारातील झाडांची छाटणी करणे.' बस. यांनी दोन पानं लिहिलीत. संस्थेने काम यांना द्यायचं ठरवलं."

आणि त्यांनी ती दोन पानं माझ्यापुढे सरकवली.

प्रत्येक झाडाची उंची, घेर, कुठे वाळवी, कुठे तार. मागच्या अंगणातल्या मोठ्या शिरसाच्या झाडाच्या नोंदीत जाड अक्षरांत लिहिलं होतं, की पूर्वी खोडाला चिकटून चुकीच्या पद्धतीने केलेल्या छाटणीमुळे मुख्य फांदीच्या बुडाशी आतून पोकळी झाली आहे, ही फांदी मुलींच्या कपडे वाळत घालायच्या जागेवर येते, ती उतरवावी.

तो काप मला आठवत होता. तिसऱ्या वर्षीचा. त्या मोठ्या फांदीला लागूनच दुसरी एक होती, ती मी खोडाबरोबर अशी साफ कापली होती, की हात फिरवला तर कळू नये इथे फांदी होती. वर डांबर फासलं. जुन्या बाई म्हणाल्या होत्या, "सुतारासारखं काम आहे तुमचं." तसे काप मी नांदेडभर घेतले. तेच माझं नाव होतं.

रस्त्यावर येऊनच मी फोन लावला. एरवी साडूला मी अहो-जाहो करतो. त्या दिवशी ते सुटलं.

"माझ्याच आवारात माझ्यावर कागद घातलास?"

"तुमचं नाव कुठं हाय त्याच्यात?"

"नऊ वर्षं तिथं दुसरं कोण चढलं? माकड?"

"दादा, काम तुम्हीच घ्या. मला जमत न्हाई असं पत्र देतो मी मॅडमला."

हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. काम हिसकावलं असतं तर मी त्याला अर्धापूरच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडा पाडला असता. हा उलट भरलेली ओंजळ पुढे करून उभा. "तुझं दान नको मला," म्हणालो आणि फोन ठेवला.

पण सौदा माझ्या हाडात आहे. संध्याकाळपर्यंत मी हिशेब मांडला की त्याच्याकडे काय नाही. उद्यान विभागात त्याला कुणी ओळखत नाही. नऊ वर्षांच्या जुन्या परवानग्या माझ्या पिशवीत आहेत, त्या जोडल्या तर अर्ज लवकर पुढे सरकतो. आणि त्या शिरसावर चढणारी माणसं माझी. मी पुन्हा फोन केला. परवानगी मी काढतो, माणसं माझी, काम तुझ्या नावाने. फक्त अर्जाला जोडायच्या अहवालातून ते वाक्य काढायचं.

"'चुकीच्या' एवढा शब्द काढला तर?"

"वाक्यच काढायचं. पोकळी अन् छाटणी, काहीच न्हाई पायजे."

"मग कारण काय लिहू दादा?"

"फांदी मोठी झाली म्हण."

घासाघीस त्याला येत नाही. शेवटी म्हणाला, "बरं. शब्द देतो."

त्या दिवशी मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायको म्हणाली, "येवढं काय जिंकून आलात?"

पाहणीच्या दिवशी उद्यान निरीक्षक मोटारसायकलवर आले. पंच म्हणून वसतिगृहाचा पहारेकरी आणि समोरचा झेरॉक्सवाला. साडू आणि मी. रेक्टर मॅडम जरा लांब, दाराशी उभ्या होत्या. निरीक्षकांनी अहवाल वाचला, वर पाहिलं. फांदी पानांनी भरलेली.

"एवढी हिरवीगार फांदी," ते म्हणाले, "मोठी झाली म्हणून उतरवायची? मग उद्या मोठी झालेली माणसं पण उतरवायची का?"

झेरॉक्सवाला हसला. निरीक्षकांनी पंचनाम्यात लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "किरकोळ छाटणीस हरकत नाही. मुख्य फांदी तोडण्यात येऊ नये."

मी साडूकडे पाहिलं. आता हा बोलेल, पोकळी म्हणेल, मग मला दिलेला शब्द मोडला म्हणून मला त्याच्यावर ओरडता येईल. तो बोलला नाही. खोड ठोकून बघायच्या हातातल्या लाकडी हातोडीकडे बघत उभा राहिला. फांदीखाली दोन मुली बादलीतले कपडे पिळून तारेवर टाकत होत्या. मग रेक्टर मॅडमजवळ जाऊन हळूच म्हणाला, "मॅडम, त्या पोरींना जरा इकडं बोलवता का? तिथं उभं राहू नका म्हणा."

फक्त एवढंच. मला दिलेला शब्दही राखला आणि त्या मुलींनाही बाजूला घेतलं. मला त्याचा इतका संताप आला, की कान तापले. माणसाने निदान एखाद्या बाबतीत तरी माझ्याहून कमी असावं.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "लिहू नका अजून."

साडूच्या हातातली हातोडी ओढून घेतली, शिडी लावली आणि वर गेलो. खोडावर मारलं, ठणठणीत आवाज आला. माझ्या त्या कापावर मारलं, ढब ढब, रिकाम्या डब्यासारखा. कोयत्याने डांबर खरवडलं. सालीचा पापुद्रा निघाला आणि आतून तपकिरी भुगा खाली गळायला लागला, निरीक्षकांच्या कागदावर पडला. पहारेकऱ्याकडून सळई मागवली. ती हातभर आत गेली, मोठ्या फांदीच्या बुडापर्यंत, कुठेच अडली नाही.

खालून निरीक्षकांनी विचारलं, "हे कशानं झालं?"

"फांदी निघते तिथं फुगीर कडं असतं साहेब. ते ठेवून कापलं तर झाड जखम झाकतं. इथं कडं ठेवलं न्हाई, खोडाला घासून कापलं. वर डांबर मारलं, पाणी आतच राहिलं." हे मला कधीपासून माहीत होतं असं नाही. साडूच्या त्या दोन पानांतच वाचलं होतं.

"कापलं कुणी?"

"मी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग साडूकडे. निरीक्षक म्हणाले, "परवानगी होती तेव्हा?"

"होती. पिशवीत हाय."

"लेखी द्याल?"

मी खाली उतरलो. साडू जवळ येऊन म्हणाला, "दादा, नाव न्हाई लिहिलं तरी चालतंय. 'जुनी छाटणी' एवढं पुरे."

"तू गप. माझी दस्तखत मला करता येते."

पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून मी जबाब लिहिला. आयुष्यात मी शंभरावर अर्ज लिहिले असतील, पण "सदर काप मी स्वतः घेतला असून तो चुकीचा होता" या ओळीला जितका वेळ लागला तितका कशालाच लागला नाही. पंचांच्या सह्या झाल्या. निरीक्षकांनी आधीचं वाक्य खोडून त्यावर सही केली आणि खाली लिहिलं, मुख्य फांदी धोकादायक असल्याने तातडीने उतरवावी.

चौथ्या दिवशी ती उतरवली. मी वर, साडू खाली दोर धरून. मी यंत्र टेकवलं तेवढ्यात तो खालून ओरडला, "तिथून न्हाई दादा, चार बोटं पुढून! कडं ठेवा!" मी चार बोटं पुढून कापलं. तीन तुकड्यांत ती जमिनीवर आली. बुडाचा तुकडा नळीसारखा पोकळ होता, मुली त्यात डोकावून बघत होत्या. मॅडम साडूचे आभार मानत होत्या आणि तो माझ्याकडे बोट दाखवत होता. मला वरून ऐकू येत नव्हतं, पण तो काय म्हणत असेल ते कळत होतं, आणि तेही मला सोसवत नव्हतं.

तेव्हापासून मी लाकडी हातोडी घेऊन फिरतो. माझी जुनी कामं मला पाठ आहेत, कोणत्या गल्लीत, कोणत्या बंगल्यात कुठला काप. जमेल तसं जाऊन दार वाजवतो आणि म्हणतो, पूर्वी इथे मी फांदी कापली होती, जरा बघू द्या. दोन ठिकाणी ढब ढब आवाज आला, तिथे घरमालकांना सांगितलं आणि अर्ज लिहून दिला. एका ठिकाणी म्हातारा मालक म्हणाला, "आता काम न्हाई मिळत म्हणून ही नवी युक्ती का?" त्याच्याशी मी फाटकातच भांडलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. अजून बरीच घरं बाकी आहेत.

साडूला या कशाचीच गरज नाही. त्याने पहिल्या दिवसापासून कडं ठेवूनच कापलं. लातूरमध्ये झाडाखालून जाताना त्याला मान वर करून बघावं लागत नाही. त्याचं ऑफिस, ते लेटरहेड, सासऱ्यांचं कौतुक, हे सगळं मी एक वेळ त्याला सोडून देईन. ते मान वर न करता जाणं मात्र मला सोडवत नाही.